कूळ की प्रतिकूल कब्जा? दुसऱ्याने चाळीस वर्षे कसलेल्या खाचरावरचा दावा

खाचरवाट (धागालेखक)

रत्नागिरी जिल्ह्यात आमचे ३८ गुंठ्यांचे वडिलोपार्जित भातखाचर आहे. वडील १९८३ मध्ये नोकरीसाठी ठाण्याला आले, तेव्हा त्यांनी ते शेजारच्या वाडीतल्या एका कुटुंबाला तोंडी बोलीवर कसायला दिले. लिहून काही घेतले नाही, कारण दोन्ही घरांचा जुना घरोबा होता आणि अशा वेळी कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे समजले जाई. दरवर्षी झोडणी आटोपली की भाताची दोन पोती एसटीच्या टपावरून ठाण्याला येत. पहाटे आगारात जाऊन ती उतरवून घ्यायला मी वडिलांबरोबर जात असे. तोंडाशी सुतळीची शिवण आणि एका कोपऱ्यावर कोळशाने लिहिलेली वडिलांची आद्याक्षरे असलेली ती पोती आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात. २००६ नंतर ती येणे बंद झाले. वडील २००९ मध्ये वारले आणि वारस फेरफाराने आम्हा दोघा भावांचे व बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागले.

गेल्या महिन्यात आम्हाला दिवाणी न्यायालयाचे समन्स आले. त्या कुटुंबाच्या आजच्या पिढीने दावा लावला आहे की १९८३ पासून त्यांचा कब्जा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला विरोधी आहे, म्हणून प्रतिकूल कब्ज्याने ते मालक झाले आहेत असे न्यायालयाने जाहीर करावे आणि आम्हाला जमिनीत पाऊल टाकण्यास कायमची मनाई करावी. त्याच दाव्यात आणखी चार परिच्छेद खाली लिहिले आहे की हे म्हणणे मान्य झाले नाही, तर ते जमिनीचे कूळ आहेत असे समजावे. बारा वर्षे कब्जा असला की जमीन जाते, असे गावात प्रत्येक जण सांगतो. ते खरे आहे का, आणि एकाच माणसाला एकाच जमिनीबद्दल या दोन्ही गोष्टी म्हणता येतात का, हे जाणकारांनी सांगावे. कोणावर राग काढण्यासाठी हा धागा काढलेला नाही. त्या घरातल्या आजींच्या हातचे मी जेवलो आहे.

दिवाणी_बाजू

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो. तुमचे कागद न पाहता जे सांगता येते तेवढेच सांगतो.

बारा वर्षांचा आकडा सर्वांना पाठ असतो, पण तो कोणत्या दिवसापासून मोजायचा हे सहसा कोणी विचारत नाही. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकीच्या आधारावर ताबा मागण्याची मुदत बारा वर्षे आहे, आणि ती समोरच्याने जमिनीत पाय ठेवला त्या दिवसापासून सुरू होत नाही. त्याचा कब्जा मालकाच्या हक्काला विरोधी झाला त्या दिवसापासून ती सुरू होते. ही मुदत उलटून गेली, तर त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. त्यामुळे सगळे भांडण त्या एका दिवसाभोवती फिरते. कर्नाटक वक्फ मंडळ विरुद्ध भारत सरकार या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा हक्क सांगणाऱ्याने कब्जा कोणत्या तारखेला घेतला, तो कोणत्या स्वरूपाचा होता, मूळ मालकाला तो ठाऊक होता का, किती काळ चालला आणि तो उघड व बिनहरकत होता का, हे सगळे मांडून सिद्ध केले पाहिजे. जुन्या वकिलांच्या तोंडी याचे थोडक्यात रूप असे आहे: कब्जा बळाने नको, चोरून नको आणि परवानगीने तर नकोच.

तुमच्या प्रकरणात अडते ते शेवटच्या अटीवर. वडिलांनी हातात दिलेली जमीन ही परवानगीची जमीन आहे. परवानगीने आलेला कब्जा कितीही वर्षे चालला तरी आपोआप विरोधी होत नाही. कुळाला किंवा भाडेकरूला तर कायद्याने आणखी एका गोष्टीने बांधले आहे. ज्याच्या हातून जमीन घेतली त्याची त्या वेळची मालकी, भाडेपट्टा चालू असेपर्यंत, त्याला नाकारता येत नाही. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२२ मध्ये आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्येच म्हटले होते की मालकी नाकारायची असेल तर भाडेकरूने आधी ताबा परत करावा. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की भाडेकरूचा ताबा परवानगीचा असल्यामुळे तो आपल्याच मालकाविरुद्ध प्रतिकूल कब्ज्याचा हक्क सांगू शकत नाही.

दाव्यात पर्यायी म्हणणे मांडायला बंदी नाही. पण प्रत्येक पर्याय दुसऱ्याच्या शेजारी उभा राहू शकला पाहिजे. "मी तुमच्या संमतीने कसत होतो" आणि "मी तुम्हाला न जुमानता कसत होतो" ही दोन वाक्ये एकाच काळाबद्दल खरी असू शकत नाहीत, आणि दोन्ही एकाच दाव्यात लिहिणारा माणूस उलटतपासणीत त्यांपैकी कोणते तरी एक गमावतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. प्रतिकूल कब्जा ही फक्त बचावाची ढाल आहे, त्यावर दावा लावता येत नाही, असे २०१४ च्या एका निकालामुळे मानले जात होते. ७ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केले, त्यामुळे असा दावा लावणेच चूक आहे, असे तुम्हाला म्हणता येणार नाही.

नमुना_सहा

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी सातबाऱ्याकडे वळतो. आजचा संगणकीकृत उतारा पाहून काहीही ठरवू नका. १९८० पासूनचे हस्तलिखित सातबारे आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, "इतर अधिकार" या रकान्यात "साधे कूळ" किंवा "संरक्षित कूळ" असे काही लिहिले आहे का, ते पाहा. खालच्या भागात, म्हणजे नमुना बारामध्ये, पिकाशेजारी कसणाऱ्याचे नाव आणि "रीत" असे. रीत १ म्हणजे मालक स्वतः आणि रीत ३ म्हणजे कुळामार्फत. नाव अधिकार अभिलेखात नसलेला माणूस प्रत्यक्ष कसताना आढळला, तर त्याची नोंद नमुना चौदामध्ये घेऊन ती तहसीलदारांकडे पाठवायची असते.

हे नियम झाले. प्रत्यक्षात एकेका तलाठ्याकडे अनेक गावे असत आणि पीकपाहणी बांधावर जाऊन होण्याऐवजी पुष्कळदा चावडीतच होई. मागच्या वर्षीची नोंद पुढच्या वर्षावर ओढली जाई. मीही तसे केले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण त्या एका ओळीवर लोकांनी वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यामुळे नमुना बारामध्ये तुमच्या वडिलांचे नाव सलग असले, तरी ते कसत होते असे त्यातून सिद्ध होईलच असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, एवढेच. मालकी त्यांनी ठरत नाही.

आणखी एक विचारतो. १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कुळकायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले त्या कृषक दिनी, ही जमीन कोण कसत होते?

खाचरवाट

१९५७ मध्ये आजोबा हयात होते आणि जमीन घरचीच माणसे कसत होती, त्यामुळे कूळ असण्याचा प्रश्न तेव्हा नव्हता.

काकांनी सांगितल्याप्रमाणे नकला मागवल्या. १९८३ ते २००९ या काळात एक वर्ष सोडून सगळीकडे वडिलांचे नाव आणि रीत १ आहे. मधेच १९९४-९५ या एका वर्षी त्या कुटुंबप्रमुखांचे नाव आणि रीत ३ आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वडिलांचे नाव.

याहून महत्त्वाची गोष्ट आईच्या ट्रंकेत सापडली. निळ्या आंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा आहे. त्यातले १९९१ चे पत्र त्या कुटुंबप्रमुखांच्या हातचे आहे. त्यात घरची खुशाली, म्हशीचे दुखणे आणि वाडीतल्या लग्नाचा मजकूर आहे, आणि शेवटी घडीच्या कडेला, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरांत लिहिले आहे की यंदा पावसाने ऐन पोटरीत ओढ दिली, म्हणून खंडाचे भात अर्धे पोते कमी पाठवतो, पुढल्या साली भरून देईन, राग मानू नये. हे पत्र हाती आल्यावर आम्हाला फार मोठा दिलासा मिळाला. एवढ्यावर दावा निकालात निघेल ना?

दिवाणी_बाजू

त्यांचा प्रतिकूल कब्ज्याचा मुद्दा या पत्राने बहुतांशी मोडेल, यात शंका नाही. पण तुम्ही दिलाशात आहात म्हणून मला तुम्हाला सावध करायलाच हवे: हेच पत्र त्यांचा कुळाचा मुद्दा उभा करते.

"खंड", म्हणजे जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायचा मोबदला, या शब्दाचे वजन लक्षात घ्या. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ (आता तो महाराष्ट्र कुळवहिवाट अधिनियम या नावाने ओळखला जातो) याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारी व्यक्ती मालकाच्या कुटुंबातली नसेल, मजुरीवर राबणारा नोकर नसेल आणि ताबेगहाणदारही नसेल, तर ती कूळ मानली जाते. त्यासाठी लेखी करार लागत नाही. तोंडी संमती, प्रत्यक्ष कसवण आणि मोबदला, मग तो पैशांत असो वा भातात, एवढे पुरे पडते. तुमची दोन पोती हा मोबदला आहे.

आता पेच पाहा. तुम्ही कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, "आम्ही संमतीने दिली आणि खंड घेत होतो" असे लिहिले, तर प्रतिकूल कब्जा जातो आणि कूळ येते. "आम्ही कधी दिलीच नाही, त्यांनी घुसखोरी केली" असे लिहिले, तर कूळ जाते, पण तुम्ही स्वतःच कब्जा विरोधी असल्याचे कबूल करता, आणि शिवाय ते खोटे असेल. अशा वेळी मालकमंडळी घाईने दुसरा रस्ता धरतात, आणि तो त्यांच्याच अंगावर येतो. कैफियतीत घडले तेच लिहा.

कुळाचा प्रश्न मात्र दिवाणी न्यायाधीश ठरवू शकत नाहीत. कलम ७० (ब) प्रमाणे एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही हे मामलेदारांनी, म्हणजे आजच्या तहसीलदारांनी, ठरवायचे असते. कलम ८५ ने दिवाणी न्यायालयाची अधिकारिता तेवढ्यापुरती वगळली आहे आणि दाव्यात हा मुद्दा उपस्थित झाला तर कलम ८५-अ प्रमाणे तो तहसीलदारांकडे पाठवावा लागतो. त्यावर जिल्हाधिकारी स्तरावर अपील आणि मग महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण, अशी ही वाट लांब आहे. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळाला कलम ३२-ओ लागू होते आणि त्यात कुळाने कूळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षात खरेदीचा हक्क बजावायचा असतो. १९८४ पर्यंत त्यांनी काही केलेले दिसत नाही, म्हणून जमीन विकत घेण्याचा त्यांचा मार्ग अवघड आहे. पण खरेदीचा हक्क बुडाला म्हणून कूळपणही बुडाले, असे मात्र समजू नका.

खारभूमी

हा धागा पहिल्यापासून वाचते आहे. माझे आजोबा रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या बाजूला, खोताचे (गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचे) कूळ होते, म्हणून दुसऱ्या बाजूचे काही लिहावेसे वाटते.

आमच्याकडे चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताला घालण्यापेक्षा जमीन ओस ठेवू, असे ठरवून त्या लोकांनी इतकी वर्षे काढली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. मग १९५७ चा कृषक दिन आला आणि आजोबांची ३२-गची, म्हणजे कुळाने द्यायची किंमत ठरवण्याची, चौकशी लागली. जमिनीची किंमत आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पटीत ठरवायची, असा नियम होता. ती हप्त्यांनी फेडून झाल्यावर त्यांना ३२-मचे, म्हणजे खरेदीचे, प्रमाणपत्र मिळाले. आमच्या घरी देवघरातल्या फळीवर एक पत्र्याची नळी आहे, तिच्यात ते ठेवलेले असे. आजी दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्या नळीलाही हळदकुंकू वाही.

पण आजोबांच्या सख्ख्या भावाला काही मिळाले नाही. तेही तितकीच वर्षे कसत होते. त्यांचा खोत खंडाची पावती देत नसे आणि मागितली तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला देईन म्हणत असे. चौकशीच्या वेळी पावती नाही म्हणून ते कूळ ठरले नाहीत. पावती न देणे हे त्या काळी विसरून जाण्याने होत नव्हते, ते ठरवून होत होते. तुमच्या वडिलांनी तसे केले असे मी म्हणत नाही, त्यांची तर कोळशाने आद्याक्षरे लिहिलेली पोती होती. पण "लिहून काही घेतले नाही" हे वाक्य मालकाच्या बाजूने घरोबा असते आणि कसणाऱ्याच्या बाजूने पुष्कळदा नाइलाज असतो, एवढे लक्षात ठेवावे. ज्यांनी चाळीस वर्षे बांध घातले, चिखल तुडवला, त्यांना अतिक्रमण करणारे म्हणू नका, ही विनंती.

दिवाणी_बाजू

ताई, तुमचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात प्रतिकूल कब्ज्याचा कायदा अतार्किक आणि विसंगत असल्याचे म्हटले आणि सरकारला त्याचा फेरविचार करण्याची शिफारस केली. पुढे बाविसाव्या विधी आयोगाने २०२३ मध्ये आपल्या २८० व्या अहवालात हा कायदा बदलण्याचे कारण नाही, असे मत दिले. दोन पदसिद्ध सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली. माझे स्वतःचे मत असे की आपल्याकडे या कायद्याचा आधार घ्यायला जे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे खरे नाते कुळाचे असते. कागद नसल्यामुळे ते कूळ म्हणून उभे राहू शकत नाहीत, म्हणून प्रतिकूल कब्ज्याचे दार ठोठावतात, आणि त्या दारात उभे राहण्यासाठी त्यांना आपल्याच बापाने मालकाला न जुमानता जमीन बळकावली असे शपथेवर सांगावे लागते. जे खरे होते ते सांगण्याची सोय राहत नाही. मला या दाव्यांत सर्वांत वाईट वाटते ते याचे.

गिरगाव_चाळ

विषय शेतीचा आहे, पण भाडेकरूचा मुद्दा आला म्हणून विचारतो. आमची मुंबईत पागडीची खोली आहे. मालक वीस वर्षे भाडे न्यायला आलेला नाही. काही शेजारी म्हणतात की आता खोली आपलीच झाली.

दिवाणी_बाजू

नाही झाली. मालकाने भाडे नेले नाही म्हणून भाडेकरूपण संपत नाही, आणि ते संपेपर्यंत ताबा परवानगीचाच राहतो. भाडेकरूकडून ताबा घेण्यासाठी अनुच्छेद ६७ प्रमाणे मालकाला बारा वर्षे मिळतात, आणि तीही भाडेपट्टा संपुष्टात आल्यापासून. मालक झालो अशा समजुतीत भाडे थकवाल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मिळालेले भक्कम संरक्षण हातचे घालवाल. भाडे मनिऑर्डरने पाठवत राहा आणि परत आलेल्या प्रत्येक मनिऑर्डरची पावती जपा.

मांडवीकाठ

गोव्यात याच नात्याला वेगळे नाव आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या भाटात (जमिनीत) घर करून राहणारा तो मुंडकार, आणि त्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून काढण्यापासून संरक्षण आहे. म्हणजे तिथेही पाया संमतीचाच. जो स्वतःला मुंडकार म्हणवतो, त्याला प्रतिकूल कब्जा सांगता येत नाही. उलट, केवळ राखण करायला ठेवलेल्या माणसाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, गोव्यातल्याच एका बहीण-भावाच्या घराच्या वादात, स्पष्ट केले की राखणदार, काळजीवाहू किंवा नोकर यांना कितीही वर्षे राहिल्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही. धागालेखकांच्या प्रकरणात राखण नाही, खंड आहे, म्हणून तो निकाल त्यांना उपयोगी पडेल असे वाटत नाही.

नमुना_सहा

खाचरवाट, एक राहिले. २००६ मध्ये पोती बंद झाली. ती का बंद झाली, आणि त्यानंतर त्या लोकांनी उघडपणे कधी "जमीन आमची" असे म्हटले का?

खाचरवाट

२००६ मध्ये ते कुटुंबप्रमुख वारले. पोती बंद झाली त्यामागे भांडण नव्हते; पाठवणारा माणूसच राहिला नाही, आणि वडीलही आजारी असल्यामुळे कोणी विचारले नाही. उघड विरोध एकदाच झाला. मे २०१७ मध्ये आम्ही मोजणीचा अर्ज केला, भूकरमापक आले, आणि त्यांचा थोरला मुलगा बांधावर बसून राहिला. ही जमीन आमची आहे, इथे साखळी पडणार नाही, असे तो सर्वांसमक्ष म्हणाला. मोजणी न होता तसा पंचनामा झाला, त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही, आश्चर्य वाटले. लहानपणी याच मुलाने मला चिखलात खेकडे कसे पकडायचे ते शिकवले होते.

दिवाणी_बाजू

तो पंचनामा सर्वांत आधी वकिलाच्या हातात द्या. नुसता खंड थांबल्याने कब्जा विरोधी होत नाही, त्यामुळे २००६ पासून बारा वर्षे मोजता येणार नाहीत. पण मालकी उघडपणे नाकारली, आणि ती मालकाच्या समक्ष नाकारली, तर तिथून काळ मोजण्याचा युक्तिवाद होऊ शकतो. समजा न्यायालयाने मे २०१७ हा दिवस धरला, तर बारा वर्षे मे २०२९ मध्ये पूर्ण होतील. केवळ कैफियत देऊन, म्हणजे त्यांचा दावा नाकारून, तुमचा काळ थांबत नाही. तो थांबवायचा असेल तर तुम्हाला स्वतः ताबा मागावा लागेल. त्यांच्याच दाव्यात प्रतिदावा करता येतो, आणि मुदत अधिनियमाच्या दृष्टीने प्रतिदावा ज्या दिवशी न्यायालयात दाखल होतो त्या दिवशी तो लावला असे धरतात. दावे दहा-दहा वर्षे चालतात. तो निकाली निघेपर्यंत थांबू म्हणणारे मालक अशाच हिशेबात जमीन गमावतात. ते कूळ ठरले तर तुमची ताब्याची मागणी कुळकायद्यावाचून पुढे जाणार नाही, हे धरूनही प्रतिदावा केलाच पाहिजे.

बहिणीलाही त्यात सामील करा. आणि तुम्ही तिघे सहहिस्सेदार आहात म्हणून जाता जाता सांगतो की एका हिस्सेदाराचा ताबा हा सर्वांचा ताबा मानला जातो. उद्या तुमच्यापैकी एकच जण जमीन कसू लागला, तरी इतरांना उघडपणे हुसकावल्याखेरीज त्याला त्यांच्याविरुद्ध बारा वर्षे मोजता येणार नाहीत.

खारभूमी

त्यांच्याशी एकदा बोलून पाहिले का? वकिलांमार्फत नव्हे, तुम्ही स्वतः.

खाचरवाट

गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

प्रतिदावा दाखल केला आहे. कैफियतीत घडले तसे लिहिले: जमीन १९८३ मध्ये संमतीने दिली, २००६ पर्यंत खंडाचे भात येत होते. आमच्या वकिलांना "खंड" हा शब्द टाळायचा होता. मी १९९१ चे पत्र त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितले की हा शब्द ज्याने लिहिला तो माणूस खोटे बोलत नव्हता, आणि मीही बोलणार नाही.

मग त्या घरी गेलो. थोरल्याला पत्राची झेरॉक्स दिली. वडिलांचे अक्षर त्याने ओळखले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की दाव्यात काय लिहिले आहे ते त्याने वाचले नव्हते. बारा वर्षांचे लिहिल्याशिवाय काही मिळत नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याला भीती होती ती आम्ही जमीन बाहेरच्या माणसाला विकू आणि तो उद्या कुंपण घालेल याची. आम्ही अर्धी-अर्धी वाटून घेऊन न्यायालयात तडजोड दाखल करावी, असा विषय त्यानेच काढला.

नमुना_सहा

तडजोडीचे ऐकून बरे वाटले, पण ३८ गुंठ्यांचे बरोबर दोन भाग करू नका. तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. पावसावरचे भातखाचर जिरायतीत धरले गेले तर १९ गुंठ्यांचा तुकडा त्याखाली जातो, आणि फेरफार तिथेच अडकेल. मसुदा करण्यापूर्वी तहसीलदार कार्यालयात लेखी विचारा, आणि कुळाचा मुद्दा सोडून दिला असे नुसते तोंडी ठरवू नका. कुळाने जमीन किंवा हक्क सोडण्याची कुळकायद्यात स्वतंत्र पद्धत आहे, ती तहसीलदारांपुढे पाळली गेली नाही तर तडजोड पुढच्या पिढीत पुन्हा उघडेल.

खाचरवाट

काका, हे वेळेवर सांगितलेत. तसा लेखी अर्ज आम्ही दोन्ही घरांच्या सह्यांनी करत आहोत आणि २०१७ मध्ये अडलेल्या मोजणीची फीही पुन्हा भरली आहे. मोजणी कापणी झाल्यावर घ्यावी, असे ठरले, कारण तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढायला आला आहे आणि यंदाची लावणी तेच करत आहेत.